एकतीस नावं

९ मार्च

चि. भिंगरीस,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. घ्यायचे की नाहीत ते तू ठरव.

काल तुझी पत्रकार परिषद टीव्हीवर पाहिली. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई मुद्दाम ड्यूटी बदलून आल्या होत्या. म्हणाल्या, एवढी मोठी खेळाडू निवृत्त होतेय, तिच्या आईशेजारी बसून बघायचंय. खुर्ची पुढे ओढून बसल्या. तुझे बाबा कोपऱ्यात कुणाच्या तरी सदऱ्याची काजं करत होते.

तू कागद उघडलास आणि आभार मानायला लागलीस. मी शाळेत तीस वर्षं हजेरी घेतलीय, नावं मोजायची सवय आहे. एकतीस. रॅकेटच्या तारा ओढणारा झाला, मालिश करणारी झाली, दोन मॅनेजर झाले, स्वयंपाकीण झाली, तुझी वेणी घालणारी ती पोरगी झाली. बाबा चौथे. बाबांचं नाव आलं तेव्हा त्यांची सुई थांबली, पण मान वर झाली नाही. मी आपली वाट बघतेय. वाटलं, शेवटी घेणार असेल. मोठी नावं शेवटी घेतात. शेवटी तू कुत्र्याचं नाव घेतलंस.

नर्सबाई भल्या आहेत. म्हणाल्या, “अहो, भावनेच्या भरात राहून गेलं असेल.”

मी म्हटलं, “भावनेच्या भरात कुत्रा बरा आठवला.”

त्या चहा न घेताच गेल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजारी माणसाच्या ठेवतात तसा. तेवढं मात्र तुला कधी माफ करणार नाही.

आठ वर्षांपूर्वी तुझ्या मॅनेजरचं पत्र आलं होतं, ते मला पाठ आहे. पाठ व्हायला वेळ लागला नाही, दोनच ओळी होत्या. ‘यापुढे खेळाडूच्या प्रशिक्षणाशी आपला संबंध राहणार नाही. आपल्या योगदानाबद्दल आभार.’ योगदान! तुला नऊ महिने पोटात वागवलं त्याला योगदान म्हणतात, हे मला वयाच्या पन्नासाव्या वर्षी कळलं. तेव्हा निदान आभार तरी होते. काल तेही नव्हते.

माझं चुकलं तरी काय? मी तुला कधी हात लावला नाही. इतर पोरींचे बाप कोर्टाच्या जाळीबाहेर उभे राहून आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. मी आवाजसुद्धा चढवला नाही. सर्व्ह चुकली की नुसतं “पुन्हा” म्हणायचे.

आणि हे कंबरेचं. कंबर साथ देत नाही म्हणून सत्ताविसाव्या वर्षी निवृत्ती. तुझी कंबर चौदाव्या वर्षापासून साथ देत नाहीये, आणि तरी त्याच कंबरेवर तू मोठी स्पर्धा दोनदा जिंकलीस. तेव्हा एवढं नाटक कशाला, एवढंच विचारायचं होतं.

केस मागे घट्ट बांधू नकोस, कपाळ फार मोठं दिसतं.

तुझी आई
(यादीत नसलेली)


२७ मार्च

चि. भिंगरीस,

उत्तराची अपेक्षा नव्हतीच, त्यामुळे आलं नाही याचं वाईट वाटलं नाही.

काल एका मासिकाची वार्ताहर आली होती. तुझ्याच वयाची. आल्या आल्या पायातलं काढून बाजूला नीट ठेवलं, ते मला आवडलं. तिला तुझी खोली दाखवली. पदकं मी दर आठवड्याला पुसते. चांदीची फार लवकर काळी पडतात, सोन्याच्या मुलाम्याची बरी राहतात. तू पहिल्या क्रमांकाचीच जास्त आणलीस, त्यामुळे मला काम कमी आहे. हे तिला सांगितलं तर ती खूप हसली आणि तिने लिहून घेतलं.

मग तिने विचारलं, सुरुवात कशी झाली?

मी खरं तेच सांगितलं. शाळेच्या मागचं सिमेंटचं कोर्ट, फटींतून गवत आलेलं. पहाटे साडेपाचला शिपाई डोळे चोळत फाटक उघडायचा आणि तुझ्याकडे बघून म्हणायचा, “बाई, हिला झोपू द्या की जरा.” रंगाच्या रिकाम्या डब्यात साठ चेंडू. मी एकेक टाकायचे, तू मारायचीस. सर्व्हला समोरच्या चौकोनात माझा रुमाल. शंभर सर्व्ह, आणि रुमालावर पडतील तेवढ्याच मोजायच्या. पहिल्या दिवशी तीन पडल्या होत्या. दहाव्या वर्षी एकसष्ट. तो रुमाल अंथरताना मी दर वेळी अर्धी घडी आणखी घालायचे, लहान करत न्यायचे. तुला ते कळलं होतं का गं कधी?

ती म्हणाली, “तुम्ही स्वतः खेळायचात?”

म्हटलं, “मी भिंतीशी खेळायचे.” ती हसली. तिला तो विनोद वाटला. माझ्या वडिलांनी एक स्पर्धा खेळू दिली होती, तिच्यात उपांत्य फेरीला पोहोचले. त्या दिवशी बघायला मुलाकडची मंडळी येणार होती, म्हणून मी कोर्टावर गेलेच नाही. समोरच्या मुलीला न खेळताच पुढे चाल मिळाली. पुढे ती कोण झाली, काय झाली, मला ठाऊक नाही. हे मी तिला सांगितलं नाही. तुलाही आजच सांगतेय.

शेवटी तिने विचारलं, “लहानपणी काही मोठी दुखापत?”

मी म्हटलं, “कधीच नाही. पोलादाची मुलगी होती.”

बाहेरच्या खोलीत बाबांचं शिलाईचं मशीन चालू होतं, ते थांबलं. ती गेल्यावर बाबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “तिची कंबर दुखायची की.”

“वाढीचं वय होतं.”

“मी पट्टा शिवला होता. जाड कापडाचा. दुहेरी शिवणीचा.”

“मग? पट्टा काय, कुणीही बांधतं.”

ते परत जाऊन मशीनवर बसले, पण मशीन बराच वेळ सुरू झालं नाही. हल्ली त्यांचं हे असंच चालतं. वय झालं.

लेख छापून आला की पाठवीन.

आई


१५ एप्रिल

भिंगरी,

आज आशीर्वाद नाहीत.

रविवारी बाबा त्यांच्या दुकानात जातात. रविवारी दुकान बंद असतं, तरी जातात. कापड बेतायला शांतता लागते, म्हणतात. आठ वर्षं मी हे ऐकतेय आणि आठ वर्षं विश्वास ठेवतेय. आज त्यांचा चष्मा घरीच राहिला, म्हणून मी घेऊन गेले. फळी अर्धी लावलेली होती. आतून हसण्याचा आवाज आला. आधी वाटलं, दुसरंच कुणी आहे. तुझ्या बाबांचं हसणं कसं असतं ते मी विसरले होते.

मी बाहेर उभी राहून ऐकलं. हो, ऐकलं. तुझ्या कुत्र्याने सोफा फाडला ते ऐकलं. तुला भोपळी मिरची चालेनाशी झालीय ते ऐकलं. तिकडे एक शिक्षक आहे आणि तो तुझ्यासाठी जिने चढून औषधं आणतो, तेही ऐकलं. बाबा त्याला “आमचे मास्तर” म्हणत होते. आमचे!

मी फळी सरकवली. ते दचकले, फोन हातातून पडता पडता राहिला. कानाला लावून म्हणाले, “ठेवतो गं,” आणि ठेवला. निदान “आई आलीय” एवढं तरी म्हणायचं.

“किती वर्षं?” मी विचारलं.

“पहिल्यापासून.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू बोलायला मागितलं असतंस. मग तिने फोन करणं बंद केलं असतं.” हे त्यांनी किती साधेपणाने सांगितलं म्हणून सांगू. पायजम्याची उंची सांगावी तसं.

मी त्या उंच स्टुलावर बसले, जिथे गिऱ्हाईक बसतं. मला ओरडायचं होतं. पण आठ वर्षं जो माणूस माझ्यासमोर जेवतो, माझ्या शेजारी झोपतो आणि आठवड्यातून एकदा माझ्या मुलीला भेटून आल्यासारखा घरी येऊन गप्प बसतो, त्याच्यावर ओरडायचं तरी कुठून सुरू करायचं?

मग त्यांनी ऑपरेशनचं सांगितलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. मणक्यात स्क्रू घालणार. मी म्हटलं, “नुसत्या दुखण्यावर कुणी एवढं करतं?” ते म्हणाले, “चीर आहे म्हणे. जुनी. सर्जन विचारतोय, लहानपणी कुणी तपासलं होतं का. एक्स-रे, कागद, काही असेल तर हवंय. तिने मला विचारलं. मला काय ठाऊक? तिला तूच घेऊन गेली होतीस ना, त्या औषधाच्या दुकानावरच्या डॉक्टरांकडे?”

“तेरा वर्षं झाली,” मी म्हटलं. “कागद कोण ठेवतं?”

“तू ठेवतेस,” ते म्हणाले. “तू तिचे दुधाचे दातसुद्धा ठेवलेस.”

मी चष्मा टेबलावर ठेवला आणि निघून आले.

काही कागद नाहीत, तुझ्या सर्जनला सांग. स्नायू आखडला होता. मलम दिलं होतं. बाकी काही आठवत नाही. आणि इतकी वर्षं बापाशी चोरून बोलायला तुला लाज नाही वाटली, तेव्हा कागद मागायलाही वाटू नये, हे बरोबरच आहे.

आई


३० एप्रिल

भिंगरी,

हे पत्र बाबा हातात घेऊन येतील. सोबत मोठा पिवळा लिफाफा आहे. त्यात तुझ्या कंबरेचे दोन एक्स-रे आणि एक पानी अहवाल आहे. डॉक्टरांची सही आणि तारीख आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

गेले पंधरा दिवस मी हा लिफाफा कपाटातून काढतेय आणि परत ठेवतेय. परवा जिन्यात नर्सबाई भेटल्या. सहज विचारल्यासारखं विचारलं, मणक्याचं ऑपरेशन म्हणजे काय असतं हो? त्या म्हणाल्या, “डॉक्टर चांगला असेल तर काही नाही. पण तिथूनच पायांच्या नसा जातात ना. त्याला सगळी माहिती हवी.” त्या पुढे आणखीही बोलत होत्या. मला फक्त पाय ऐकू आले. तुझे पाय. तू एका कडेच्या रेषेवरून दुसऱ्या कडेच्या रेषेपर्यंत चार पावलांत जायचीस. इतरांना सहा लागायची.

तर ऐक, काय झालं ते.

तू चौदा वर्षांची होतीस. दोन महिने सर्व्ह करताना कळवळायचीस आणि मी म्हणायचे, अंग चोरतेस. मग एके दिवशी तू खाली पडलेला चेंडू उचलायला वाकलीस आणि तशीच गुडघ्यांवर बसलीस. उठलीच नाहीस. शिपाई धावत आला. त्यानेच उचलून तुला बाकावर बसवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला डॉक्टरांकडे न्यावंच लागलं.

औषधाच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तू आतल्या खोलीत एक्स-रे काढून झाल्यावर बूट घालत होतीस. वाकता येत नव्हतं म्हणून वेळ लागत होता. तेवढ्या वेळात सगळं झालं. डॉक्टरांनी फोटो दिव्याच्या पेटीवर लावला आणि पेनने टकटक करून दाखवलं. कंबरेच्या मणक्याला मागच्या बाजूने, डावीउजवीकडे, बारीक चीर. केसासारखी. म्हणाले, “वाढत्या वयात, फार खेळणाऱ्या मुलांत होते. घाबरायचं कारण नाही. सहा महिने रॅकेटला हात लावायचा नाही. पूर्ण भरून येईल.”

मी म्हटलं, “तीन आठवड्यांनी स्पर्धा आहे.”

“स्पर्धा दर वर्षी असते.”

त्यांना काय ठाऊक? त्या स्पर्धेतून एकच मुलगी परदेशातल्या प्रशिक्षण केंद्रावर जाणार होती आणि वयाची अट चौदा होती. पुढच्या वर्षी तू पंधराची होणार होतीस. दर वर्षी असते, पण तुझ्यासाठी ती एकदाच होती.

मी विचारलं, “आणि खेळली तर?”

“तर चीर वाढेल. मग ती कधीच सांधणार नाही. जन्मभर दुखेल.”

“पण खेळता येईल?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “बाई, असा प्रश्न विचारणारी आई मी पहिल्यांदाच पाहतोय.”

मी लिफाफा पिशवीत घातला. तू बाहेर आलीस. मी सांगितलं, स्नायू आखडलाय, मलम चोळायचं, पट्टा बांधायचा. तू मान हलवलीस. घरी येऊन बाबांना पण तेच सांगितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी पट्टा शिवला.

तू ती स्पर्धा जिंकलीस. अंतिम सामन्याच्या तिसऱ्या सेटमध्ये बाजू बदलताना तू खुर्चीवर बसली नाहीस, खुर्चीची पाठ धरून उभी राहिलीस, कारण बसलं असतं तर उठता आलं नसतं. लोकांना वाटलं, काय जिद्द आहे! मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. त्यानंतर पाच वर्षं तू दुखतंय म्हणालीस की मी म्हणायचे, सुरू झालं हिचं नाटक. इतक्या वेळा म्हटलं की मला ते खरंच नाटक वाटायला लागलं. ही सबब नाही. असं होतं, एवढंच सांगते.

काल मी लिफाफा बाबांच्या हातात दिला. त्यांनी अहवाल वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग म्हणाले, “पट्ट्याचं माप घेताना ती श्वास रोखून उभी होती. मी विचारलं, घट्ट होतोय का गं? तर म्हणाली, आई म्हणालीय घट्टच हवा.”

त्यांनी अहवाल परत लिफाफ्यात घातला.

“मला सांगायला हवं होतंस.”

“तुम्ही तिला थांबवलं असतं.”

“हो,” ते म्हणाले. “थांबवलं असतं.”

सत्तेचाळीस वर्षं हा माणूस लोकांच्या मापात राहून काम करतोय, कधी कुणाला शब्दाने दुखावलं नाही. मला वाटलं, आज बोलेल. बोलला असता तर बरं झालं असतं. त्यांनी बॅग काढली, दोन सदरे घातले, लिफाफा सदऱ्यांच्या मध्ये ठेवला, दुमडू नये म्हणून. मी विचारलं, “मी येऊ?”

“तिने बोलावलं तर ये.”

आता ते खाली उभे आहेत आणि मी हे घाईघाईने लिहितेय. सर्जनला सगळं नीट दाखव. डावीकडची चीर मोठी आहे, उजवीकडची लहान. मी इतक्या वेळा पाहिलंय, मला ती डोळे मिटूनही दिसते.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

आई


२ जून

भिंगरी,

परवा तुझा फोन आला. बाबांनी कळवलंच होतं की ऑपरेशन नीट झालं, पाय हलतात, काठी घेऊन चालतेस. तरी तुझा आवाज ऐकल्यावर मला पहिल्यांदा काय विचारावं तेच कळेना. मी विचारलं, “जेवलीस का?” दुपारचे चार वाजले होते.

तू म्हणालीस, “आई, लिफाफा मिळाला.”

“सर्जनला उपयोग झाला ना?”

“सर्जनला तो नकोच होता,” तू म्हणालीस. “नव्या फोटोत सगळं दिसतं. चीर किती जुनी आहे तेही सांगतात ते. मी मुद्दाम विचारायला लावलं.”

मी उभी होते ती खाली बसले.

मग तू सांगितलंस. एकोणीस वर्षांची होतीस तेव्हाच केंद्रावरच्या डॉक्टरने तपासून सांगितलं होतं की ही चीर निदान पाच वर्षांची आहे, त्या वेळी कुणी पाहिलं कसं नाही? तुला ती दोन खोल्यांची जागा आठवली. पंधरा दिवस तू वाट पाहिलीस. रोज माझ्याशी बोलायचीस. म्हणायचीस, आई, आज फार दुखतंय. मी सांगेन म्हणून. मी काय म्हणाले असेन ते मला आठवत नाही, पण मला ठाऊक आहे. मग ते दोन ओळींचं पत्र आलं.

“बाबांना का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“त्यांना तुझ्याबरोबर राहायचं होतं,” तू म्हणालीस.

आणि पुढे म्हणालीस, “आठ वर्षं वाट पाहिली मी. एक ओळ तरी येईल म्हणून. तू एवढ्या वर्षांत मला पत्रं लिहिलीस ती सगळी ठेवलीत. त्यात माझं कपाळ आहे, माझी वेणी आहे, माझा बॅकहँड आहे. शेवटी सांगितलंस, तेही माझे पाय जातील म्हणून घाबरलीस तेव्हा.”

मी म्हटलं, “सांगितलं तर खरं.”

तू हसलीस. तसं हसणं तू माझ्याकडून घेतलंयस, ते ऐकायला किती वाईट लागतं हे मला परवा कळलं.

मग तू जे विचारलंस त्याचं मी फोनवर उत्तर दिलं नाही. तू म्हणालीस, “मला राग खेळवल्याचा नाही. मला विचारलं असतंस तरी मी खेळलेच असते. तुझीच मुलगी होते मी, डॉक्टरांनी काहीही सांगितलं असतं तरी मी हट्टाने कोर्टावर गेले असते. मग तो विजय माझा असता, हे दुखणंही माझं असतं. एकदा विचारायला तुझं काय जात होतं?”

तू फोन ठेवलास.

आज त्याचं उत्तर लिहितेय. तीन कागद फाडले. बाबा परत आलेत. जेवायला बसलो की पाणी पुढे सरकवतात, भाकरी वाढली की “पुरे” म्हणतात, याहून जास्त बोलत नाहीत. त्यामुळे घरात लिहायला शांतता भरपूर आहे.

तू म्हणतेस तसंच लिहून टाकावं असं फार वाटलं. हो गं, तू खेळलीच असतीस, म्हणूनच विचारलं नाही. किती सोपं झालं असतं. तुलाही त्याचा आधार आहे, कळतंय मला. तेवढं तरी तुला राहू द्यावं, असं कुठलीही आई म्हणेल. पण गेल्या पत्रात मी त्या दिवसाचं सगळं लिहिलं आणि एक जागा गाळली. ती गाळून पुन्हा तुझ्याशी खोटं बोलायला माझ्यात आता बळ नाही.

तू बाहेर आल्यावर नुसती मान हलवली नव्हतीस.

तू भिंतीला धरत धरत आलीस. एका बुटाची नाडी सुटलेलीच होती. मी ती बांधायला खाली बसले, आणि तू वरून विचारलंस, “आई, आता थांबावं लागेल का?”

मी वर पाहिलं. तू घाबरली आहेस असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. घाबरलेली मुलगी कशी दिसते ते मला माहीत आहे, तीस वर्षं शाळेत मुलीच सांभाळल्या मी. तू घाबरलेली नव्हतीस. तुझा चेहरा उजळला होता. शेवटचा तास रद्द झाला असं कुणी येऊन सांगेल की काय, अशी पोरं दाराकडे बघतात ना, तशी तू माझ्याकडे बघत होतीस.

तू खेळली नसतीस, भिंगरी. तू चौदा वर्षांची होतीस आणि दमली होतीस. मी विचारलं असतं तर तू थांबते म्हणाली असतीस. ते मला दिसलं. म्हणून मी नाडी बांधली, उठले, आणि नाही म्हणाले.

आई